बोल्ट आणि स्क्रू : शेती-अवजारांच्या जोडणीतील भेद

शेतीची अवजारे बहुतांशी लाकडाची होती, त्या काळी जोडणीचे काम खाचेने, पाचरीने आणि दोराने होत असे. नांगराचे रुमणे हलू लागले तर कामावरच पाचर ठोकून ते घट्ट करता येई. मोठे काम निघाल्यास गावचा सुतार व लोहार हाताशी असे. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे लोखंडी अवजारे गावोगाव पोचली. या अवजारांबरोबर शेतकऱ्याच्या घरी एक नवी वस्तू आली, ती म्हणजे बोल्ट. आज ट्रॅक्टरमागील रोटाव्हेटर, मळणी यंत्र, कडबा कुट्टी, पेरणी यंत्र, विहिरीवरील पंप आणि गोठ्याचे छप्पर ही सर्व बोल्ट व स्क्रू यांच्या आधारावर उभी आहेत.

असे असूनही अवजाराच्या ज्या भागाविषयी सर्वांत कमी विचार केला जातो तो भाग हाच होय. जमिनीला वापसा आलेला असतो, काम अर्ध्यावर असताना बोल्ट तुटतो, आणि डब्यात जो सापडेल तो बोल्ट त्या भोकात घालून काम पुढे रेटले जाते. कधी तो जाड असतो, कधी आखूड, कधी नको तितका मजबूत. दुकानात दोन-चार रुपये वाचविणारी किंवा अर्धा तास वाचविणारी ही तडजोड पुढे गिअरबॉक्स फोडते, आणि प्रसंगी माणसाचा हात घेऊन जाते. यास्तव बोल्ट किती प्रकारचे असतात, ते स्क्रूहून वेगळे कसे, आणि एकाच्या जागी दुसरा का चालत नाही, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेऊन शेतकऱ्यांना समजावून देणे अगत्याचे आहे.

आटे म्हणजे काय ?

बोल्ट असो वा स्क्रू, दोहोंचा प्राण म्हणजे त्यांवरील आटे. आटा हा दुसरे तिसरे काही नसून दांड्याभोवती गुंडाळलेला चढ आहे. कागदाचा एक त्रिकोणी तुकडा कापून तो पेन्सिलीभोवती गुंडाळला, तर त्याची तिरपी कड आट्याप्रमाणे वर चढत जाताना दिसते. सभेत हे दाखवावयास एक मिनिटही लागत नाही, आणि पाहणाऱ्याला ते कायमचे समजते. घाटाचा रस्ता वळणे घेत चढतो म्हणून बैल भरली गाडी वर नेऊ शकतात. तसेच येथेही घडते. १२ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टवर नट एक पूर्ण फेरा फिरला की तो केवळ पावणेदोन मिलिमीटर पुढे सरकतो. तेवढ्यासाठी २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याचे टोक मात्र सव्वा मीटरहून अधिक फिरलेले असते. हाताच्या थोड्या जोरात प्रचंड दाब निर्माण होतो तो यामुळे.

या जोराचा फार मोठा भाग घर्षणात जातो. नटाच्या बुडाशी आणि आट्यांच्या अंगाशी मिळून दहातील सुमारे नऊ भाग खर्ची पडतात; उरलेला एक भाग बोल्टला ताणतो. परंतु हे घर्षण वाया गेले असे मानू नये. घर्षण नसते तर घट्ट केलेला नट पाना काढताच आपोआप उलटा फिरला असता.

दोहोंतील खरा भेद

बाजारात ज्याला डोके जाड व सहा पैलू असतील तो बोल्ट, आणि ज्याच्या डोक्यावर खाच असेल तो स्क्रू, असा सर्वसाधारण समज आहे. तो सोयीचा असला तरी बरोबर नाही. भेद डोक्यात नसून पकडण्याच्या रीतीत आहे. बोल्ट दोन वस्तूंच्या आरपार जातो. त्या वस्तूंतील भोके मोकळी असतात, त्यांना आटे नसतात. पलीकडे नट बसतो, आणि डोके व नट यांच्यामध्ये दोन्ही वस्तू चिमट्यात सापडाव्यात तशा दाबल्या जातात. स्क्रूला नट नसतो. तो ज्या वस्तूत शिरतो तिच्यातच त्याचे आटे रुततात. मग ते आटे त्याने लाकडात स्वतः पाडलेले असोत, की बिडाच्या भागात कारखान्यात आधीच पाडून ठेवलेले असोत. बोल्ट घट्ट करताना सामान्यतः नट फिरवावा आणि डोके धरून ठेवावे. स्क्रू घट्ट करताना डोकेच फिरवावे लागते.

यावरून एक गमतीची गोष्ट निघते. सहा पैलूंची तीच वस्तू दोन पट्ट्यांच्या आरपार घालून नटाने आवळली तर बोल्ट ठरते, आणि गिअरबॉक्सच्या आटे पाडलेल्या भोकात फिरवून बसविली तर स्क्रूचे काम करते. भारतीय मानक १३६४ मध्ये याच सहापैलू मालाचे दोन भाग पाडले आहेत : दांड्याचा काही भाग गुळगुळीत असतो तो बोल्ट, आणि डोक्यापर्यंत आटे असतात तो स्क्रू. दुकानदार मात्र दोहोंनाही बोल्टच म्हणतो.

हा भेद केवळ नावाचा नाही. जेथे दोन पट्ट्या एकमेकींवर घासून बोल्टला आडवे कापू पाहतात, तेथे भोकात गुळगुळीत दांडा असला पाहिजे. डोक्यापर्यंत आटे असलेला माल तेथे घातला, तर आट्यांच्या धारा कानशीप्रमाणे भोक खातात, आणि आट्यांच्या खाचेत दांडा बारीक असल्याने तो तेथूनच तुटतो. कल्टिव्हेटरच्या फणांचे बोल्ट वारंवार तुटत असतील, तर शेतकऱ्याने प्रथम तुटलेल्या बोल्टचे आटे कोठपर्यंत आहेत ते पाहावे.

दोहोंची कामे एकाच यंत्रात पाहावयाची असतील तर कडबा कुट्टी यंत्राजवळ उभे राहावे. त्याच्या मोठ्या चक्राला पाती आवळलेली असतात ती बोल्टांनी. वेगाने फिरणारे जड पाते जागेवर धरून ठेवण्याचे काम त्यांचे. पुष्कळ यंत्रांत पात्यालगत लहान स्क्रूही दिसतात. ते चक्रातच पाडलेल्या आट्यांतून पुढे येतात आणि पात्याला हळूहळू तोंडाच्या पट्टीकडे ढकलतात, म्हणजे वैरण चेचली न जाता स्वच्छ कापली जाते. पाते जवळ आणावयाचे तर आधी बोल्ट थोडे सैल करावे, स्क्रूने अंतर साधावे, आणि मग बोल्ट पूर्ण आवळावे. घाईत हा शेवटचा भाग राहून जातो. पाते स्क्रूच्या टेकूवर उभे राहते, चक्र फिरू लागते, आणि सैल पाते सुटून समोरच्या माणसाच्या अंगावर येते. चक्र चालू करण्यापूर्वी ते हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहण्याची सवय याकरिताच लावून घ्यावी. विजेवरील यंत्र असल्यास तत्पूर्वी वीज तोडावी, हे वेगळे सांगावयास नको.

घट्ट बोल्ट का टिकतो ?

बोल्ट म्हणजे भोकात अडकविलेली खुंटी, अशी कल्पना पुष्कळांच्या मनात असते. वस्तुतः नीट आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. तो किंचित लांबतो, आणि पूर्ववत होऊ पाहत असताना दोन्ही वस्तूंना एकमेकींवर दाबून धरतो. त्या दाबामुळे वस्तूंच्या पृष्ठभागांत जे घर्षण होते, तेच अवजाराचा ओढ सहन करते. बोल्टच्या अंगावर बाहेरचे हेलकावे फार थोडे येतात. तोच बोल्ट सैल झाला की प्रत्येक ढेकळाचा आणि प्रत्येक दगडाचा धक्का थेट त्याच्यावर बसतो. भोक अंडाकृती होते. तारेचा तुकडा पुनःपुन्हा वाकवून तोडावा तसा बोल्ट एके दिवशी तुटतो, आणि तो कच्च्या मालाचा होता असा निष्कर्ष काढला जातो. तुटलेल्या तोंडाकडे पाहिले असता बराचसा भाग जुना, गुळगुळीत व काळपट, आणि थोडाच भाग ताजा व खरबरीत दिसला, तर तो माल कच्चा नसून दीर्घकाळ सैल राहिला होता असे बहुधा समजावे.

किती आवळावे याचा अंदाज हाताला असतो असे म्हणतात. पण तो हात लहान बोल्टच्या बाबतीत जास्त आणि मोठ्याच्या बाबतीत कमी जोर लावतो. ८ मिलिमीटरचा बोल्ट पान्याला नळी जोडून आवळला की पिळून तुटतो, आणि २० मिलिमीटरचा बोल्ट आखूड पान्याने कितीही जोर केला तरी हवा तेवढा ताणला जात नाही. पान्याची लांबी बोल्टच्या जाडीप्रमाणे कारखानदाराने मुळातच कमी-अधिक ठेवलेली असते. तिला नळी जोडणे हे मोठ्या बोल्टपुरतेच क्षम्य होय.

शेतीत आढळणारे बोल्ट

सहापैलू बोल्ट सर्वांच्या परिचयाचा आहे, त्याविषयी अधिक लिहीत नाही. कॅरेज बोल्ट हा मूळचा गाडीकामातील. त्याचे डोके घुमटासारखे गोल व गुळगुळीत असून त्याखाली चौकोनी मान असते. आवळताना ही मान लाकडात रुतून बसते, त्यामुळे पलीकडून एकट्या माणसाला एकाच पान्याने नट फिरविता येतो. गाडीची साटी, जनावरांच्या गव्हाणी, फाटकाच्या फळ्या, अशा जागी जनावराचे अंग किंवा धान्याचे पोते घासते. तेथे गोल डोके आतल्या बाजूस ठेवावे. सहापैलू डोक्याने बैलाच्या खांद्याचे कातडे सोलले जाते, हे सांगण्यासाठी पुस्तकाची गरज नाही.

नांगराचा बोल्ट याहून निराळा. त्याचे डोके वरून सपाट आणि खाली निमुळते असते, आणि मान चौकोनी असते. फाळाला वरच्या बाजूने तशीच खोलगट व चौकोनी जागा केलेली असते, तीत ते डोके पृष्ठभागाच्या पातळीत बसते. मातीला त्याचा अडसर होत नाही. या जागी साधा सहापैलू बोल्ट घातल्यास काय होते ते शेतात पाहावे. वर आलेल्या डोक्याला ओली माती व धसकटे अडकतात, माती नीट पालथी होत नाही, बैलांना किंवा ट्रॅक्टरला ओढ वाढते, आणि ते डोके मातीने झिजत झिजत नाहीसे होते. मग फाळ कोणत्या सरीत गळून पडला ते शोधत फिरावे लागते. फाळ बदलताना नांगराचे बोल्टही नवे घालावेत. झिजलेले डोके नव्या फाळाच्या खोलगट भागात नीट टेकत नाही.

यू-आकाराचा बोल्ट नळीला किंवा चौकटीला मिठी मारतो; त्याचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावे लागतात. डोळ्याचा बोल्ट दोर व साखळी अडकविण्यासाठी. पायाचे बोल्ट इंजिन किंवा पंप सिमेंटच्या ओट्यावर बसविण्यासाठी असून त्यांची खालची टोके वाकविलेली असतात, म्हणजे ते उपटून येत नाहीत. ओटा घालताना यंत्राच्या भोकांच्या मापाने फळीला भोके पाडून, त्या फळीत बोल्ट टांगून मगच सिमेंट ओतावे. आणि ओट्यावर किमान सात दिवस पाणी मारून तो पक्का होईपर्यंत नट पूर्ण आवळू नयेत.

स्टड हा बोल्ट व स्क्रू यांच्यामधला प्रकार. त्याला डोके नसते, दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक इंजिनाच्या बिडात कायमचे बसते, दुसऱ्यावर नट येतो. दुरुस्तीसाठी वारंवार खोलावे लागते तेथे बिडातील आटे झिजू नयेत म्हणून ही योजना आहे. बिडाचे आटे एकदा गेले की संपूर्ण भाग बदलण्याची वेळ येऊ शकते. स्टड बदलणे त्या मानाने किती तरी स्वस्त.

डोक्यावरील आकडे

चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८ किंवा १०.९ असे आकडे इंग्रजी अंकांत उठविलेले असतात. हे माप नव्हे, दर्जा होय. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले असता दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण देऊन तो तुटेल ते कळते. दुसरा आकडा सांगतो की त्या ताणाच्या दहांतील किती भाग आल्यावर तो कायमचा लांबू लागतो. प्रत्यक्षात १२ मिलिमीटरचा ४.६ दर्जाचा बोल्ट सुमारे ३.४ टन ओढीला तुटतो, तर त्याच जाडीचा ८.८ दर्जाचा बोल्ट सुमारे ६.९ टन सहन करतो. दिसावयास दोघे सारखे. नटावरही दर्जाचा आकडा असतो, ८.८ च्या बोल्टवर ८ दर्जाचा नट हवा, नाहीतर बोल्ट शाबूत राहून नटाचे आटे सोलून निघतात. ज्याच्या डोक्यावर काहीच आकडा नाही, तो माल हलक्या दर्जाचा धरूनच वापरावा.

तुटण्यासाठीच घातलेला बोल्ट

येथवर मजबूत बोल्टचे गुण सांगितले. परंतु शेती-यंत्रांत एक बोल्ट असा असतो की ज्याचे कर्तव्यच वेळेवर तुटणे हे आहे. त्याला शिअर बोल्ट म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागील दांड्यावरून चालणाऱ्या अनेक यंत्रांत, उदाहरणार्थ काही रोटाव्हेटरांत व खड्डे खोदण्याच्या यंत्रात, फिरणाऱ्या दोन भागांना हा बोल्ट जोडतो. पात्याखाली दगड किंवा जुन्या झाडाचे मूळ आले की यंत्र एकदम अडते, पण ट्रॅक्टरचा दांडा मिनिटाला ५४० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्यांनी फिरतच असतो. त्या क्षणी काहीतरी तुटणार हे निश्चित. तुटणारी वस्तू काही रुपयांची असावी, हजारोंची नव्हे, एवढ्यासाठी कारखानदार तेथे मुद्दाम मोजलेल्या ताकदीचा बोल्ट घालतो.

तो दिवसातून दोनदा तुटला की शेतकरी त्रासतो आणि “आता असा घालतो की तुटणारच नाही” असे म्हणून जाड, कठीण बोल्ट आणतो. हिशेब करून पाहावा. १० मिलिमीटरच्या ४.६ दर्जाच्या बोल्टऐवजी भोक वाढवून १२ मिलिमीटरचा ८.८ दर्जाचा घातला, तर जाडीमुळे ताकद सुमारे दीडपट आणि दर्जामुळे दुप्पट, मिळून जवळजवळ तिप्पट होते. आता पुढच्या दगडावर बोल्ट शाबूत राहतो आणि सांध्याचा दांडा पिळतो किंवा गिअरबॉक्सचे दाते उडतात. ऐन हंगामात यंत्र आठवडाभर गॅरेजमध्ये पडते आणि पेरणीची वेळ निघून जाते. खिळा, सळईचा तुकडा किंवा वेल्डिंगचा टाका हीही याच जातीची औषधे होत. यंत्राच्या पुस्तिकेत जी जाडी, जी लांबी व जो दर्जा दिला असेल तोच बोल्ट घालावा; दुबळाही नको, दणकटही नको. असे चार-सहा बोल्ट नटांसह ट्रॅक्टरच्या पेटीत सदैव ठेवले म्हणजे त्रासण्याचे मुख्य कारणच उरत नाही. आणि तरीही तो पुनःपुन्हा तुटत असेल, तर दोष बोल्टचा नसून खोली जास्त धरली आहे, पाती बोथट आहेत किंवा बोल्ट सैल बसविला आहे, असे समजून शोध घ्यावा.

लांबीचा उल्लेख वर केला त्यास कारण आहे. फिरणाऱ्या दांड्यावर नटाबाहेर बोटभर आलेले बोल्टचे टोक म्हणजे उघडा आकडा. धोतराचा सोगा, साडीचा पदर, उपरणे, पावसाळी कोटाची बाही त्यात अडकली की सेकंदाला नऊ वेढे बसतात. हात मागे घेण्याइतका अवधी मनुष्याला मिळत नाही. बोल्टचे टोक नटाबाहेर दोन ते तीन आटे एवढेच असावे, आणि दांड्यावरील संरक्षक आवरण काढून टाकू नये. मळणी यंत्रांवरील अपघात इतके होत होते की केंद्र शासनाला १९८३ साली धोकादायक यंत्रांसंबंधी कायदा करावा लागला. शिअर बोल्ट बदलताना मागील दांड्याची जोड सोडवून, इंजिन बंद करून आणि किल्ली खिशात घालूनच यंत्राखाली हात घालावा.

सूत आणि मिलिमीटर

ग्रामीण भागातील दुकानांत आजही “चार सुती बोल्ट द्या” अशी मागणी होते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. दशमान मापे भारतात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि नवी यंत्रे बहुतेक मिलिमीटरची आहेत. तथापि कित्येक जुन्या ट्रॅक्टरांच्या रचना मूळच्या ब्रिटिश अथवा अमेरिकी असल्याने त्यांवर इंची आटे आढळतात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली जी पद्धत मांडली तीत आट्याचा कोन ५५ अंश आहे. मिलिमीटरच्या व अमेरिकी पद्धतीत तो ६० अंश आहे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टवर इंचास १२ आटे, नेहमीच्या अमेरिकी बोल्टवर १३, आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टवर सुमारे साडेचौदा.

म्हणून चार सुती नट १२ मिलिमीटरच्या बोल्टवर घातला तर तो डगडगत दोन-चार फेरे चढतो, मग अडतो. येथे पान्याचा जोर लावणे म्हणजे दोन्हींचे आटे चिरडणे होय. नट बसल्यासारखा दिसतो, पकड मात्र नसते. नवा नट तेलाच्या थेंबासह नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, हीच त्याची कसोटी. दुकानात जाताना जुना बोल्ट नटासह बरोबर न्यावा.

स्क्रूची कामे

लाकडात बसणारा स्क्रू निमुळता असतो. त्यासाठी आधी त्याच्या गाभ्याएवढे बारीक भोक पाडावे, नाहीतर लाकूड तडकते. हातोडीने ठोकून बसविलेला स्क्रू लाकडाचे धागे तोडत आत जातो आणि खिळ्याइतकीही पकड देत नाही. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडून, म्हणजे रेषांच्या दिशेने, बसविलेला स्क्रू लवकर निघून येतो. तो रेषांना आडवा बसवावा. जेथे ओढ मोठी असेल आणि पलीकडे हात पोचत असेल, तेथे लाकडातही बोल्टच घालावा.

पुलीला दांड्यावर धरणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू दांड्यावर केलेल्या सपाट जागी टेकला पाहिजे. गोल अंगावर टेकला तर पुली घसरते आणि दांडा खरवडला जातो. पंपाच्या स्टार्टरमधील वायरींचे स्क्रू तर हंगामाच्या आरंभी, मुख्य वीज बंद करून, अवश्य तपासावेत. सैल जोड तापतो, तापून अधिक सैल होतो, आणि शेवटी मोटर जळते.

पत्र्याच्या छपरावर पूर्वी वाकड्या आकड्यांचे बोल्ट वापरीत, आता स्वतःच भोक पाडणारे स्क्रू आले आहेत. काम झपाट्याने होते यात शंका नाही. परंतु आकडा बोल्ट खालच्या नळीला कवटाळतो, तर स्क्रूची सारी भिस्त पातळ लोखंडात रुतलेल्या दोन-तीन आट्यांवर असते. वारा छपराला दाबण्यापेक्षा वर उचलतो. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात कोकणातील पुष्कळ छपरे अशीच उचलली गेली. किनाऱ्याच्या जिल्ह्यांत स्क्रू वापरावयाचेच असतील तर कडेच्या व कोपऱ्याच्या पत्र्यांना ते अधिक दाट घालावेत, खालची नळी पुरेशा जाडीची घ्यावी, आणि रबरी वायसर चेपून बाहेर येईपर्यंत स्क्रू आवळू नये. नागमोडी पत्र्याला आकडा बोल्टचे भोक नेहमी उंचवट्यावर पाडावे. खोलगटात पाडले तर पाणी गळते.

सुटणारे नट आणि न सुटणारे नट

कंपनाने नट का सुटतो याविषयी १९६९ साली जर्मन अभियंता गेऱ्हार्ड युंकर यांनी प्रयोग करून दाखविले की, जोडलेल्या वस्तू एकमेकींवर आडव्या सरकू लागल्या म्हणजे नट सर्वांत लवकर फिरतो. सबब पहिला उपाय पुरेसे आवळणे हाच. स्प्रिंग वायसरवर शेतकऱ्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढे काम ते करीत नाही. दुहेरी नट घालावयाचे तर पातळ नट खाली आणि जाड नट वर असावा, कारण ओढ वरच्या नटावर येते. गावोगाव हे उलटे केलेले दिसते. नायलॉनचे कडे असलेला नट चांगला, पण तो इंजिनाच्या धुराड्याजवळ किंवा तापणाऱ्या भागावर घालू नये, आणि बोटांनी फिरू लागला की टाकून द्यावा. चाकासारख्या जिवाच्या जागी खाचांचा नट व आरपार पिन याला पर्याय नाही. नवे यंत्र किंवा नवे फाळ बसविल्यावर पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर सर्व नट पुन्हा एकदा आवळावेत. रंग व गंज दाबला जाऊन ते थोडे सैल झालेले असतातच.

खताच्या पेरणी यंत्राचे बोल्ट सर्वांत आधी गंजतात, कारण युरिया व इतर रासायनिक खते हवेतील ओलावा ओढून लोखंडाला खातात. हंगाम संपताच पेटी धुऊन, वाळवून, आट्यांना जुने तेल लावून ठेवावे. गंजून बसलेला नट काढावयाचा झाल्यास तारेच्या ब्रशाने आटे घासावेत, रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर मुरू द्यावे, आणि सकाळी प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने हिसका देऊन मग सोडवावा. अशाने गंजाचा थर मोडतो. तापवून काढावयाचा तर डिझेल पुसून, इंधनाच्या टाकीपासून दूर नेऊन, आणि तापविलेला बोल्ट पुन्हा वापरावयाचा नाही असे ठरवूनच. एवढे करूनही नट हलत नसेल, तर पान्याला नळी जोडण्यापूर्वी आट्यांचा चढ कोणत्या बाजूस आहे ते एकदा पाहावे. सायकलच्या डाव्या पायडलप्रमाणे काही फिरणाऱ्या दांड्यांवर डावे आटे असतात, आणि ते सोडविण्यासाठी पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो.